ठळक गोलाकार अक्षरवळण : स्वरूप, मर्यादा आणि उपयोग

मुद्रणाच्या व्यवहारात अक्षरवळणांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग मजकुराच्या अक्षरांचा होय. पुस्तकाची पृष्ठेच्या पृष्ठे ज्या वळणात जुळविली जातात, त्याने वाचकाचे लक्ष स्वतःकडे वेधून घेऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. दुसरा वर्ग दर्शनी अक्षरांचा. दुकानाची पाटी, भित्तिपत्रक, पुस्तकाचे वेष्टन, मिठाईची पेटी, मिरवणुकीचा फलक ही त्यांची क्षेत्रे. येथे शब्द मोजके असतात आणि पाहणाराचे लक्ष क्षणार्धात वेधावयाचे असते. ठळक गोलाकार अक्षरवळण हा या दुसऱ्या वर्गातील एक विशेष प्रकार आहे. देवनागरीत त्याची जोपासना अलीकडे झाली असली, तरी त्यातून उपस्थित होणारे प्रश्न लिपीच्या मूळ घडणीपर्यंत जाऊन पोचतात. म्हणून भाषा, मुद्रण व कला या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

१. 'ठळक' आणि 'गोल' या दोन गुणांची फोड

ठळकपणा व गोलाई हे दोन स्वतंत्र गुण होत. ठळकपणा म्हणजे रेघेच्या जाडीचे अक्षराच्या उंचीशी असलेले प्रमाण. रेघ जाड होत गेली की अक्षरातील काळा भाग वाढतो आणि पोकळी, म्हणजे ग, ब, प यांच्या पोटातील पांढरी जागा, आकसत जाते. जाडीला कमाल मर्यादा आहे ती ही की, पोकळी पूर्णपणे बुजली म्हणजे अक्षर नाहीसे होऊन केवळ डाग उरतो.

गोलाईचेही दोन पोटप्रकार आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. एक गोलाई अक्षराच्या सांगाड्याची. दुसरी रेघेच्या टोकांची. काना सरळ उभाच ठेवून त्याचे खालचे टोक मात्र अर्धवर्तुळाकार केले, तर सांगाडा ताठ राहतो व टोके मऊ होतात. याउलट वळणदार मोडीचा सांगाडाच गोल असतो, कारण हात न उचलता वेगाने लिहिण्याच्या गरजेतून ती घडली. बाळबोध देवनागरी तिरप्या कापाच्या बोरूने लिहिली जात असल्याने तिच्या रेघा एका दिशेस जाड, दुसऱ्या दिशेस बारीक आणि टोकाशी तिरप्या छाटलेल्या असतात. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यातील खिळ्यांनी हेच बोरूचे वळण धातूत उतरविले व मराठी वाचकाच्या नजरेला त्याची सवय लावली. गोल टोकाच्या ठळक वळणाने बोरूशी असलेले हे नाते तोडले, हे त्याचे पहिले लक्षण होय. तथापि मोडी पाहिलेल्या मराठी नजरेला गोलाई सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही.

२. पूर्वपीठिका

अतिशय जाड दर्शनी अक्षरांचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये झाला. रॉबर्ट थॉर्नसारख्या खिळे पाडणाऱ्या कारागिरांनी हस्तपत्रके व सोडतीच्या जाहिराती यांसाठी स्थूल अक्षरे तयार केली. त्यांच्या जाड-बारीक रेघांत मात्र टोकाचा विरोध होता व कोपरे तीक्ष्ण होते. १९२२ मध्ये शिकागो येथील ऑस्वल्ड कूपर यांचे 'कूपर ब्लॅक' प्रसिद्ध झाले. त्यात रेघ जाड असूनही कडा मऊ व टोके गोलसर होती. ठळकपणा आणि मृदुता एकत्र नांदू शकतात, हे या वळणाने दाखवून दिले. पुढे १९७९ मध्ये फोक्सवागन या मोटार-कंपनीसाठी तयार झालेल्या वळणात कान्याची टोके पूर्ण अर्धवर्तुळाकार झाली आणि गोल टोकांची अक्षरे उद्योगधंद्यांच्या परिचयाची झाली.

मराठी मुलखात दर्शनी अक्षरांचे काम दीर्घकाळ खिळ्यांपेक्षा कुंचल्याने केले. या दृष्टीने कोल्हापूरचे उदाहरण बोलके आहे. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या परंपरेतून पुढे आलेले बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली आणि चित्रपटाबरोबरच त्याच्या भित्तिपत्रकालाही कलेचे स्थान मिळवून दिले. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक आज ज्ञात असलेल्या जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते. १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास गेलेल्या प्रभात कंपनीने ही परंपरा पुढे नेली. चित्रकार आणि अक्षरकार येथे बहुधा एकच असे. त्यामुळे अक्षराचे वळण चित्राच्या आशयाप्रमाणे बदले. हीच दृष्टी पुढे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्या नाट्यशीर्षकांत परिणत झालेली दिसते. नाटकाचा स्वभाव त्याच्या नावाच्या अक्षरांतूनच प्रेक्षकाला उमगावा, असा त्यांच्या कामाचा रोख असे.

हाताने काढलेले शीर्षक त्या एकाच शब्दापुरते असते. अवघड जोडाक्षर आले, तर चित्रकार तेथेच तोड काढतो. अक्षरवळण रचणाऱ्याला ही सवलत नाही. भाषेतील कोणताही शब्द केव्हाही जुळविला जाईल हे गृहीत धरून त्याला प्रत्येक मुळाक्षर, मात्रा व जोडाक्षर आधीच सिद्ध ठेवावे लागते. कुंचल्याची ठळक गोलाई जुनी असूनही खिळ्याची किंवा संगणकाची ठळक गोलाई देवनागरीत उशिरा आली, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

३. दोन आधुनिक उदाहरणे : 'मोदक' आणि 'बलू'

मुंबई येथील 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या संघाने सिद्ध केलेली 'मोदक' व 'बलू' ही दोन वळणे या प्रकाराचे प्रातिनिधिक नमुने होत. दोन्ही २०१५ च्या सुमारास सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाली.

'मोदक'चा देवनागरी भाग सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी रचिला असून रोमन भाग नूपुर दाते यांचा आहे. या वळणाची रचनापद्धती ध्यानात घेण्याजोगी आहे. सामान्यतः अक्षररचनाकार आधी अक्षराचा सांगाडा काढतो व नंतर रेघेला जाडी देतो. येथे तो क्रम उलटा झाला. आधी आतील पोकळीचा आकार ठरला आणि काळा भाग तिच्याभोवती भरला गेला. परिणामी पोकळी केवळ एका बारीक फटीएवढी राहिली आणि शेजारशेजारची अक्षरे एकमेकांत रुतून शब्दाचा एकच मऊ गोळा झाला. सारण आत व उकड बाहेर, अशा पक्वान्नाचे नाव या वळणास शोभून दिसते.

'बलू'ची भूमिका अधिक व्यवहारी आहे. रेघ जाड व टोके मऊ असली, तरी पोकळी उघडी ठेवलेली आहे. देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांत हे वळण रचिले गेले आणि त्या त्या लिपीतील आवृत्तीला बंधुवाचक नाव देण्यात आले : गुजरातीसाठी 'भाई', बंगालीसाठी 'दा', गुरुमुखीसाठी 'पाजी', मल्याळमसाठी 'चेट्टन', तमिळसाठी 'तंबी' इत्यादी. आरंभी ते एकाच जाडीत होते. पुढे 'बलू २' या नावाने साध्यापासून अतिठळकापर्यंत पाच जाडींत ते विस्तारले. त्यामुळे शीर्षक, उपशीर्षक व लहान टीप एकाच कुटुंबातील अक्षरांत जुळविणे शक्य झाले.

४. देवनागरीच्या घडणीतील अडचण

रोमन अक्षरांस जाडी देणे तुलनेने सोपे आहे. देवनागरीस ते कठीण आहे. याचे कारण लिपीच्या उभ्या थरांत आहे. शिरोरेषा, तिच्या वरील मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, तिच्या खालील मूळ अक्षर आणि त्याखालील उकार, असे तीन मजले प्रत्येक शब्दात संभवतात. शिवाय मूळ अक्षराच्या मजल्यातही थर असतात. 'इ' या अक्षराच्या मध्यातून उभी रेषा ओढली, तर शिरोरेषा, वरचे वळण, मधला सांधा व खालचे वळण असे साधारणतः चार काळे थर आणि त्यांच्यामधील तीन पांढऱ्या फटी लागतात.

याचे गणित उदाहरणादाखल मांडता येईल. शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची ७०० एकके मानली आणि प्रत्येक फट किमान ४० एककांची हवी असे ठरविले, तर तीन फटींस १२० एकके लागतात. उरलेल्या ५८० एककांत चार काळे थर बसवावयाचे असल्याने प्रत्येकास १४५ एककांहून अधिक जाडी देता येत नाही. याउलट 'ग' किंवा 'त' यांचा काना २५० एककांचा केला तरी अक्षर शाबूत राहते. म्हणजे आडव्या व उभ्या रेघांची जाडी समान ठेवणे येथे अशक्य होते. कुशल रचनाकार उभ्या रेघांना वजन देतो, आडव्यांचे वजन चोरतो आणि तरीही सर्व अक्षरे एकाच काळेपणाची भासतील अशी योजना करतो. ठळक वळणाचे यश बव्हंशी या चोरीच्या कौशल्यावर अवलंबून असते.

दुसरी अडचण सदृश अक्षरांची. देवनागरीत अनेक अक्षरजोड्या एखाद्या लहानशा खुणेने वेगळ्या होतात, आणि ती खूण बहुधा पोकळीतच असते. शिरोरेषेतील खंड बुजला की 'धाव'चा 'घाव' होतो. 'भ'ची गाठ पुसट झाली की 'भरणे'चे 'मरणे' होते. 'ष'च्या पोटातील तिरपी रेघ काळ्यात मिसळली की 'रोष' आणि 'रोप' यांत भेद उरत नाही. 'बाळा' व 'वाळा', 'साथ' व 'साय' हीही उदाहरणे अशीच आहेत. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने 'ख'चे दोन भाग जोडून लिहावेत व 'ध', 'भ' गाठीचे लिहावेत अशी जी शिफारस केली, तिच्यामागे हीच संदेहाची भीती होती. साध्या अक्षरांत जो धोका सौम्य असतो, तो ठळक अक्षरांत अनेकपटींनी वाढतो.

तिसरी अडचण खास मराठीची आहे. मराठीत रफाराखेरीज चंद्रकोरीसारखा अर्धा 'र'ही लिहिला जातो आणि त्याने अर्थ बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ही नाजूक कोर जाड वळणात बसविणे सोपे नाही आणि हिंदीपुरताच विचार करून रचलेल्या वळणात तिची उपेक्षा होण्याचा संभव असतो. तीच गोष्ट 'ल' व 'श' यांची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही मराठी रूपे मान्य केली. मराठीची पाटी मराठी रूपांत असावी असे ज्यांना वाटते, त्यांनी वळण निवडण्यापूर्वी ही दोन अक्षरे अवश्य पाहावीत. 'कोल्हापूर' हे नावच या दृष्टीने चांगली कसोटी आहे : वर ओकार, मध्ये 'ल्ह' हे अनेक वळणांचे जोडाक्षर आणि खाली दीर्घ उकार, असे तिन्ही मजले त्यात एकत्र येतात.

५. ठळक म्हणजे दुरून वाचनीय काय?

अक्षर जितके जाड तितके ते दुरून स्पष्ट दिसते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. सामान्य निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करणारी फट वेगळी ओळखू शकतो. एक मीटर अंतरावर हा कोन सुमारे ०.२९ मिलिमीटर होतो. आता १०० मिलिमीटर उंचीच्या अक्षरात पोकळीची फट उंचीच्या पंचविसाव्या भागाएवढी, म्हणजे ४ मिलिमीटर ठेवली असेल, तर ती सुमारे १४ मीटर अंतरावर दिसेनाशी होईल. त्याच उंचीच्या मध्यम जाडीच्या अक्षरात पोकळी आठव्या भागाएवढी, म्हणजे १२.५ मिलिमीटर असेल, तर ती सुमारे ४३ मीटरपर्यंत टिकेल. म्हणजे स्थूल अक्षरातील शब्द दुरून *आहे* असे अधिक ठामपणे कळते, पण तो *कोणता* आहे हे मात्र कमी अंतरापर्यंतच कळते. बिंदू चौकासारख्या रुंद जागेत पलीकडच्या बाजूची पाटी वाचावयाची झाल्यास हा भेद तात्त्विक राहत नाही.

पोकळी दिसेनाशी झाल्यावर वाचक बाह्याकृतीवरून शब्द ओळखतो. रोमन लिपीत वर-खाली जाणाऱ्या रेघांमुळे शब्दाची बाह्याकृती दोन्ही बाजूंनी बोलकी असते. देवनागरीत शिरोरेषा वरची बाजू सपाट करून टाकते. उरतात त्या मात्रा, वेलांट्या आणि खालची कड. यासाठी ठळक वळणात मात्रांना मोकळी जागा मिळणे आणि दोन ओळींत पुरेसे अंतर असणे यांना विशेष महत्त्व आहे.

लहान आकारातही हीच मर्यादा आड येते. अक्षराची उंची २.५ मिलिमीटर असेल, तर पंचविसावा भाग ०.१ मिलिमीटर होतो. ३५ सेंटिमीटर अंतरावरून वाचणाऱ्या डोळ्याची शक्तीही तेथेच संपते. त्यात कागदावर शाई किंचित पसरली की फट बुजलीच. सबब परिच्छेदासाठी असे वळण वापरणे हे केवळ अभिरुचीचा दोष नसून दृष्टिशास्त्राच्या विरुद्ध आहे.

६. वळणाचा स्वभाव

ठळक गोलाकार अक्षर पाहताच ते प्रेमळ, गुबगुबीत, खेळकर वाटते. याची कारणे तीन सांगता येतील. काळ्या भागाच्या विस्तारामुळे ते मोठ्याने बोलल्यासारखे भासते. तीक्ष्ण कोपरा नसल्यामुळे त्या मोठ्या आवाजात दरडावणी राहत नाही. आणि अक्षरे एकमेकांस खेटून असल्यामुळे जवळिकीचा भास होतो. रेल्वेच्या रंगविलेल्या पाट्यांवरून स्फूर्ती घेतलेले 'यात्रा वन' हे वळण याच्याशेजारी ठेवले असता भेद लगेच ध्यानी येतो. तेही ठळकच आहे. परंतु त्याची टोके चपट्या कुंचल्याने छाटलेली असल्यामुळे ते ताठ व कामकाजी दिसते. खासबागेतील कुस्तीच्या मैदानाचे भित्तिपत्रक काढताना चित्रकार धारदार व तिरप्या अक्षरांकडे का वळेल, हेही यावरून समजते : तेथे वजनाबरोबर आघातही दाखवावयाचा असतो, आणि गोल टोकाला आघात नसतो.

तथापि स्वभाव हा केवळ आकृतीत असतो असे मानणे चुकीचे ठरेल. अर्धा स्वभाव आकृतीतून येतो, अर्धा संगतीतून. तेच वळण खाऊच्या पुड्यांवर, बालपुस्तकांवर आणि गणेशोत्सवाच्या फलकांवर वारंवार दिसू लागले की वाचकाच्या मनात ते त्या त्या प्रसंगांशी जोडले जाते. मग त्याच अक्षरांत श्रद्धांजलीचा फलक लागला, तर शब्द गंभीर असूनही अक्षरे हसत राहतात.

७. योग्य व अयोग्य उपयोग

वरील विवेचनावरून उपयोगाची क्षेत्रे स्पष्ट होतात. एक ते तीन शब्दांची दुकानाची नावे, खाद्यपदार्थांची वेष्टने, बालवाङ्मयाची मुखपृष्ठे, शाळेतील वर्गांच्या पाट्या, उत्सवाचे फलक, लहान मुलांसाठीच्या खेळांचे साहित्य, येथे हे वळण शोभते. मात्र अक्षरओळख करून देणारी पुस्तके त्याला अपवाद ठरावीत. ज्या मुलाला 'घ' व 'ध' यांतील भेद अजून पक्का व्हावयाचा आहे, त्याच्यापुढे तो भेदच झाकणारे अक्षर ठेवणे अनुचित होय. तेथे 'बलू'सारख्या उघड्या पोकळीच्या वळणाचीही मध्यम जाडी निवडणे श्रेयस्कर. त्याचप्रमाणे औषधांची नावे, धोक्याच्या सूचना, न्यायालयीन व शासकीय घोषणा, जेथे एका अक्षराची चूक महाग पडते, तेथे अतिस्थूल वळण सर्वथा वर्ज्य समजावे.

या संदर्भात परवान्याचाही उल्लेख केला पाहिजे. पूर्वी मराठी अक्षरजुळणीची संगणकीय साधने निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या संकेतांवर चालत. एका साधनात जुळविलेला मजकूर दुसऱ्यात नेला की अक्षरे विस्कटत व जोडाक्षरे तुटत. 'मोदक' व 'बलू' ही युनिकोड या सामाईक संकेतावर आधारलेली असून मुक्त परवान्याखाली आहेत. त्यांचा उपयोग करणे, त्यांत बदल करणे व ती इतरांस देणे यांस मोकळीक आहे. केवळ ती वळणे सुटी विकण्यास मनाई आहे. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावातील लहान छापखान्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. परंतु सोयीबरोबर एकसुरीपणाचा धोकाही येतो. गावातील प्रत्येक फलक एकाच वळणात दिसू लागला, तर जो विशेष उठून दिसण्यासाठी योजला, तोच हरपतो.

८. उपसंहार

ठळक गोलाकार वळणाची परीक्षा त्याच्या एखाद्या देखण्या अक्षरावरून करू नये. त्याच्या सर्वांत अडचणीच्या अक्षरावरून करावी. अभ्यासकांस यासाठी एक साधी शब्दमाला उपयोगी पडेल : कोल्हापूर, पन्हाळा, महालक्ष्मी, कुस्ती, दर्या–दऱ्या, धाव–घाव, रोष–रोप, भरणे–मरणे, ऑफिस, शाळा, झुंज. ही माला तीन आकारांत छापून तीन अंतरांवरून अपरिचित वाचकास वाचावयास द्यावी व चुका नोंदवाव्यात. शहरातील जुन्या हातरंगाच्या पाट्यांची छायाचित्रे घेऊन त्यांतील जोडाक्षरांच्या तोडी संगणकीय वळणांतील तोडींशी ताडून पाहणे हेही पदव्युत्तर प्रबंधास योग्य असे काम आहे. त्या पाट्या झपाट्याने नाहीशा होत असून त्यांच्या जागी छापील फलक येत आहेत. त्यांच्याबरोबर, अक्षर जाड करूनही ते वाचते कसे ठेवावे याविषयीचे अनेक पाटीरंगाऱ्यांचे न लिहिलेले ज्ञानही लोपत आहे. नव्या वळणांच्या रचनाकारांस ज्या अडचणी पडतात, त्यांतील काहींची उत्तरे कदाचित त्याच भिंतींवर अद्याप शिल्लक असतील.